अकरा नोव्हेंबरला मुलांना एक नाव द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नोव्हेंबर लागला की इथे इंग्लंडमध्ये ज्याच्या त्याच्या कोटावर लाल पॉपी, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं फूल, दिसायला लागते. बसचा ड्रायव्हर, बँकेतली बाई, टीव्हीवर बातम्या देणारे, शाळेतली पोरं, सगळ्यांच्या. ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी अकरा वाजता पहिलं महायुद्ध थांबलं, पुढच्या वर्षीपासून त्याच दिवशी अकराच्या ठोक्याला दोन मिनिटं शांत उभं राहायची पद्धत पडली ती आजही आहे, आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, रिमेंबरन्स संडेला, गावोगावच्या युद्धस्मारकापाशी लोक जमतात, स्काऊटची मुलं झेंडे घेऊन येतात, बिगुल वाजतो, फुलांची चक्रं ठेवतात. शाळेला या दिवसाची सुट्टी नसते आणि मला ते बरंच वाटतं, सुट्टी असली की दिवस खरेदीत जातो. शाळा चालू असते म्हणून तर चार-पाच वर्षांची पिल्लंसुद्धा असेंब्लीत दोन मिनिटं गप्प बसून दाखवतात आणि का गप्प बसलो ते घरी येऊन विचारतात.

ते जे घरी येऊन विचारतात ना, त्याबद्दल हे पत्र आहे. मी इथल्या मराठी शाळेत रविवारी शिकवते, आणि घरी काय उत्तर मिळालं ते पोरं मला येऊन सांगतात. बहुतेक घरांत उत्तर असं, की अरे ते इथल्या लोकांचं आहे, त्यांचे पणजोबा लढाईत गेले म्हणून ते फूल लावतात, तू पण लाव, टीचरने सांगितलंय ना. यात आईबापांचा दोष नाही, त्यांना स्वतःलाच हे कधी कुणी सांगितलेलं नसतं, आपल्याकडे पहिलं महायुद्ध शिकवतात ते सराजेव्होच्या खुनापासून व्हर्सायच्या तहापर्यंत, त्यात आपल्या गावचा माणूस कुठे येतच नाही. पण त्या एका उत्तराने पोराच्या डोक्यात पक्कं बसतं की हे दुःख माझं नाही, मी इथे नुसता उभा राहायला आलोय. आणि ते खरं नाहीये हो, अजिबात खरं नाहीये.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली, त्यातली साधारण ७४ हजार मेली. दुसऱ्यात पंचवीस लाखांची भरती झाली आणि साधारण ८७ हजार गेले. आता हे आकडे फळ्यावर लिहिले तर पोरं ते वहीत उतरवून घेतात आणि विषय संपतो. ७४ हजार लहान मुलाच्या मनात मावत नाहीत, मोठ्यांच्या तरी कुठे मावतात. मावतो तो एक माणूस, त्याचं नाव काय, गाव कुठलं, वय किती, आणि तो घरी का आला नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं एवढंच की या दिवसाबद्दल मुलांशी बोलायचं असेल तर आधी एक नाव द्या, बाकीचं सगळं नंतर.

मी वर्गात यशवंत घाडगे यांचं नाव देते. मी मूळची माणगावची, आणि त्यांचं पळसगाव आमच्याच तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. माणगावात त्यांचा पुतळा आहे, तालुक्याच्या कामाला येणारे हजार लोक त्यावरून जातात. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांची सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते स्वतः सोडले तर बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले. यशवंतराव एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकून ती बंद पाडली, मग टॉमी गनने गोळ्या झाडल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा तीच गन उलटी धरून उरलेल्या दोघांवर चालून गेले, आणि ती जागा ताब्यात आल्यावर लपून बसलेल्यांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून तिथेच कोसळले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. त्यांची कबर नाही, देहाचं काय झालं कुणाला माहीत नाही, नाव आहे ते इटलीतल्याच कासिनोच्या स्मारकावर, ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजारांवर माणसांच्या नावात.

हे सगळं सगळ्या वयाच्या मुलांना सांगायचं नाही हे उघड आहे. पाच-सहा वर्षांच्या पोराला मी एवढंच सांगते की माणगावजवळच्या एका गावातले यशवंतराव नावाचे दादा खूप लांब लढाईला गेले होते, तिथे ते मेले, घरी आलेच नाहीत, आज आपण त्यांची आठवण काढतो. बास. नऊ-दहाच्या पुढच्यांना नकाशा दाखवते, माणगावपासून इटलीपर्यंत बोट धरून नेते, आणि लढाई सांगते पण गन उलटी धरलेला भाग अगदी थोडक्यात, कारण मुलगे तेवढाच भाग धरून बसतात आणि मग ते सगळं व्हिडिओ गेमसारखं होतं. मोठ्या मुलांना, म्हणजे बारा-तेराच्या पुढच्यांना, सगळं सांगायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, लपवून ठेवलं तर ते दुसरीकडून अर्धवट शोधतात.

आणि एक गोष्ट मी कुठल्याच वयाच्या मुलाला सांगत नाही, ती म्हणजे ते अमर झाले. आपल्या भाषणांत हे फार असतं, १५ ऑगस्टला, २६ जुलैला कारगिल विजय दिवसाला, स्टेजवरून जोरात म्हणतात की जवान मरत नसतो तो अमर होतो. लहान मुलाला ते कळत नाही, ते शब्दशः घेतं आणि गोंधळतं. त्याला सरळ सांगावं की माणूस मेला, त्याच्या आईला तो परत दिसला नाही. मुलं घाबरत नाहीत यानं, उलट एकदम खरे प्रश्न विचारतात. त्यांच्या घरी कोणी सांगितलं, पत्र आलं का, त्यांचं जेवण रोज वाढत होते का नंतर. आणि हमखास एक प्रश्न येतोच, की ज्यांना त्यांनी मारलं त्यांना पण आई होती ना? हा प्रश्न आला की काही मोठी माणसं घाईघाईने म्हणतात ते शत्रू होते रे. मी म्हणते हो, होती, त्यांनाही आई होती. हे म्हटल्याने यशवंतरावांचा मान कमी होतो असं मला वाटत नाही. इटलीतल्या माणसांनीच बघा, जुलै २०२३ मध्ये पेरुजा भागातल्या मोंतोने गावात यशवंत घाडगे यांच्या नावाचं एक स्मारक उभं केलं, सूर्यघड्याळाच्या रूपात, आणि त्यावर जे वाक्य आहे त्याचा अर्थ आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत असा आहे. आपल्या माणगावच्या माणसाचं नाव तिथल्या गावकऱ्यांना माहीत आहे आणि आपल्या लेकरांना नाही.

इथे राहणाऱ्या मराठी पालकांना दोन जागा सुचवते, मुलांना घेऊन जाता येतील अशा. एक लंडनमध्येच, हाइड पार्क कॉर्नरजवळ कॉन्स्टिट्यूशन हिलला मेमोरियल गेट्स आहेत, २००२ मध्ये उघडले, तिथे एक छोटी छत्री (खांबांवरचा घुमट) आहे तिच्या घुमटाच्या आत व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस मिळालेल्यांची नावं कोरलीत. मुलांना मान वर करून यशवंतरावांचं नाव शोधायला लावायचं, बकिंगहॅम पॅलेस बघायला नेताच ना सगळे, त्याच्या शेजारीच आहे हे. दुसरी ब्रायटनला. १९१४ मध्ये फ्रान्समधून जखमी हिंदी सैनिक आणले तेव्हा तिथल्या राजवाड्याचं, रॉयल पॅव्हिलियनचं, हॉस्पिटल केलं होतं, वेगवेगळ्या धर्मा-जातीच्या लोकांसाठी नऊ स्वयंपाकघरं चालवली होती (मुलांना हे फार आवडतं, कोण काय खायचं ते विचारत बसतात). तिथे जे वाचले नाहीत त्यातल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन गावाबाहेरच्या टेकडीवर केलं आणि त्या जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री बांधली. तिथे त्यांची नावं मात्र २०१० मध्ये दगडावर आली. नव्वदच्या वर वर्षं लागली नावं लिहायला.

नावांबद्दलच खरं तर मला जास्त बोलायचंय. मेसोपोटेमिया, म्हणजे आत्ताचं इराक, तिथे लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन होतं, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ही डिव्हिजन कुत-अल-अमारा या गावात वेढ्यात अडकली, खायला उरलं नाही तेव्हा घोडे आणि खेचरं मारून खाल्ली, ज्यांनी ते खायला नकार दिला ते पीठाच्या चिमटीवर राहिले, शेवटी शरण जावं लागलं आणि त्यानंतर कैदेत वाळवंट तुडवताना किती मेले त्याला गणती नाही. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, कुलाबा (आताचा रायगड) इथली पोरं होती ती. आता त्या आघाडीवर मेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे, त्यावर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं त्या दगडावर कोरलीच नव्हती. अधिकाऱ्यांची नावं होती, आणि खाली पलटणीपुढे फक्त आकडा, इतर इतके इतके शिपाई. ब्रिटिश शिपायाचं नाव आहे, त्याच्या शेजारी मेलेल्या मराठा शिपायाचा आकडा आहे. हे मी रागाने सांगत नाही, हे युद्धकबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने स्वतःच एप्रिल २०२१ च्या अहवालात मान्य केलंय, की हिंदी, आफ्रिकी आणि इतर देशांतल्या पंचेचाळीस ते चोपन्न हजार माणसांना बाकीच्यांसारखी वागणूक दिली नाही आणि किमान एक लाख सोळा हजार लोकांची नावाने किंवा मुळीच नोंद केली नाही, तो आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो. त्याबद्दल ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये माफीही मागितली. मोठ्या मुलांना हे वाचायला दिलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एका मुलीने विचारलं की मग दोन मिनिटं उभं राहताना मी नक्की कुणाचं नाव घेऊ, त्यांचं तर लिहिलेलंच नाही. एवढा चांगला प्रश्न मला आजवर कुठल्या मोठ्या माणसाने विचारला नाही.

आता काहीजण म्हणतील, आणि म्हणतातच, की ते लोक इंग्रजांसाठी लढले, पोटासाठी लढले, त्यांना कशाला आठवायचं, आठवायचं तर स्वातंत्र्यासाठी गेले त्यांना. माझं म्हणणं हेही मुलांना सांगा. शिपायाला महिन्याला अकरा रुपये मिळत होते हे सांगा. घरी दुष्काळ, कर्ज, जमीन गहाण, त्यात भरतीवाले गावात येऊन बसायचे, पाटलावर दडपण असायचं, हे सांगा. ज्या सरकारसाठी ते मेले त्याच सरकारने युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत जालियनवाला बाग केली हेही सांगा. महारांची १११ वी पलटण युद्धाची गरज होती तेव्हा १९१७ मध्ये उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली हेही सांगा. पण हे सगळं सांगून झाल्यावर तो बावीस वर्षांचा मुलगा मेलाच होता ना. त्याने राज्य कुणाचं असावं ते ठरवलं नव्हतं. आठवण काढणं म्हणजे त्या युद्धाला शाबासकी देणं नव्हे, इथेसुद्धा लाल पॉपीऐवजी पांढरी पॉपी लावणारे लोक आहेत, १९३३ पासून, त्यांना युद्धाचा गौरव नको असतो पण मेलेल्यांची आठवण हवी असते, मुलांना तेही दाखवावं आणि कुठली लावायची ते त्यांना ठरवू द्यावं.

२०२३ मध्ये लक्ष्मीपूजन आणि रिमेंबरन्स संडे एकाच दिवशी आले, १२ नोव्हेंबरला. तेव्हा आमच्याकडे बरीच चर्चा झाली की सणाच्या दिवशी मुलांना मरणाचं कशाला, सकाळी स्मारकापाशी नेऊ नका. मला हे पटत नाही. आपली दिवाळीच बघा ना, धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेला तोंड करून दिवा लावतो आपण, नरकचतुर्दशीला यमतर्पण सांगितलेलं आहे. सणात गेलेल्यांची जागा आपल्याकडे आधीपासून आहे. पितृपक्षात तर चतुर्दशीला, कॅलेंडर काढून बघा, शस्त्रादिहत पितृश्राद्ध असं छापलेलं असतं, म्हणजे शस्त्राने मेलेल्यांसाठी एक अख्खी तिथी राखून ठेवलीय. आजी-आजोबा इथे सहा महिने राहायला येतात, त्यांनी नातवंडांना हे सांगितलं तर शाळेतलं अकरा नोव्हेंबर आणि घरातलं कॅलेंडर एकदम जुळून येईल, मुलाला वाटणारच नाही की ही दोन वेगळी जगं आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल हे सगळं परदेशातल्यांचं. नाही, तुमच्या हातात तर जास्त आहे. गावातल्या देवळाबाहेर वीरगळ असतात, शेंदूर फासलेले, नाहीतर अर्धे जमिनीत गेलेले, कुणी त्यावर कपडे वाळत घालतं. लढताना मेलेल्या माणसाचा दगड आहे तो. खालून वर वाचायचा असतो, खाली पडलेला वीर, मग लढाई, मग अप्सरा त्याला घेऊन जातात, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि त्याच्या वर चंद्रसूर्य. चौथीतल्या मुलाला हे दहा मिनिटांत वाचता येतं, कॉमिकपेक्षा भराभर. मुंबईतल्यांना लांब जायला नको, बोरिवलीला एक्सरला शिलाहारांच्या काळातले वीरगळ आहेत, त्यावर चक्क जहाजांची लढाई कोरलीय. पुण्यातल्यांना खडकीची वॉर सिमेट्री आहे. मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, कोकणातल्या किती घरांतले पुरुष तेव्हा बोटीवर होते ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. भीमा कोरेगावला १ जानेवारीला आईबाप लेकरांना खांद्यावर बसवून नेतात आणि स्तंभावरची नावं दाखवतात, पोरं ती नावं आयुष्यभर विसरत नाहीत, सरकारने परिपत्रक काढून हे झालेलं नाही, घरांनी केलंय.

आणि त्या पाट्या. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी साताऱ्यापासून कोकणापर्यंत कितीतरी गावांत दगडी पाट्या बसवल्या, या गावातून इतके लोक युद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. चावडीच्या भिंतीत, शाळेच्या, वेशीच्या कमानीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला सगळे अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. पण या पाट्यांवरसुद्धा बहुतेक ठिकाणी नुसते आकडेच आहेत, नावं नाहीत. गेले ११०, मेले १२, अशा चालीचं. शाळेच्या पोरांना हे काम देता येईल की ते १२ कोण होते शोधा. जुन्या घरांत पदकं असतात, पितळी ताटलीसारखं गोल स्मृतिचिन्ह असतं ज्यावर मेलेल्याचं नाव उठवलेलं असतं, कुठे पेन्शनचे कागद असतात, कुठे नुसतं पणजीच्या तोंडचं वाक्य की आमच्यातला एक बसऱ्याला राहिला. कॉमनवेल्थ आयोगाच्या वेबसाइटवर नाव किंवा पलटण टाकून शोधता येतं, ते फुकट आहे. पंजाबी लोकांनी हे केलंय, लाहोरच्या म्युझियममध्ये पडून असलेल्या भरतीच्या वह्या इथल्या संस्थेने आणि विद्यापीठाने मिळून २०२१ मध्ये इंटरनेटवर आणायला सुरुवात केली, त्यांत तीन लाखांवर पंजाबी सैनिकांच्या नोंदी आहेत, गावाचं नाव टाकलं की पणजोबा सापडतात. इथल्या माझ्या पंजाबी मैत्रिणींची मुलं आता शाळेत उभी राहून नावं घेतात. मराठी मुलांना असं काही नाही.

म्हणून आपल्या वर्तमानपत्राला विनंती आहे. या ११ नोव्हेंबरला वाचकांना आवाहन करा, शाळांना करा, की तुमच्या गावातल्या युद्धाच्या पाटीचा फोटो पाठवा, पाटीवर काय लिहिलंय ते उतरवून पाठवा, आणि घराघरांतून जेवढी नावं मिळतील तेवढी, गाव, तालुका, पलटण आणि शक्य असेल तर साल घालून पाठवा. एक पानभर छापलंत तरी खूप. तालुकावार छापलंत तर मास्तरांना वर्गात लावता येईल. ज्या घरांत कागद आहेत त्यांनी कागद कुणाला देऊ नयेत, मोबाइलवर फोटो काढून पाठवावा, तेवढं पुरतं. नावाची खात्री नसेल तर तसं लिहावं, उगाच छातीठोकपणे छापू नये, आधीच या माणसांच्या बाबतीत पुष्कळ चुकीचं झालंय. माणगाव तालुक्यातल्या पाट्यांचं काम मी माझ्या माहेरच्या लोकांना सांगितलंय, मिळेल तसं तुमच्याकडे पाठवत राहीन, आणि इथल्या मराठी शाळेतली मोठी मुलं आयोगाच्या वेबसाइटवर नावं पडताळून द्यायला तयार आहेत, त्यांना इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ बरोबर कळतो, एकच जाधव चार तऱ्हेने लिहिलेला असतो तिथे.

कळावे,
आपली एक वाचक,
मूळ माणगाव (रायगड), सध्या रेडिंग, इंग्लंड